खोकल्याची बाटली कायद्यात बसते कुठं?

आमच्या बेळगाव भागात नशेचा विषय निघाला की लोकांना आधी गांजाच आठवतो, कारण पेपरात बातमी तीच येते, उसाच्या फडात मधोमध गांजाची झाडं सापडली म्हणून. ऊस डोक्याच्या वर गेला की बांधावरून आतलं काय दिसत नाही, सीमेच्या अलीकडं काय नि पलीकडं काय, युक्ती तीच. पण मला आज मेडिकलमधल्या खोकल्याच्या बाटलीबद्दल लिहायचंय, कारण पोरांच्या हातात ती जास्त सहज येते आणि घरात दिसली तरी कुणाला संशय येत नाही, औषधच की!

लेबल एकदा नीट वाचा. बऱ्याच अशा सिरपवर बारीक अक्षरात असतं, प्रत्येक 5 मिलीमध्ये कोडीन फॉस्फेट 10 मिग्रॅ. हे कोडीन अफूच्या कुळातलं. स्वतः तसं कमजोर, पण लिव्हरमधलं सीवायपी2डी6 नावाचं एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचं, साधारण 5 ते 10 टक्के, मॉर्फीन करतं आणि खरा असर त्याचाच असतो. आता हे एन्झाइम सगळ्यांचं सारखं नसतं, काहींच्यात जन्मतःच जोरात चालतं, मग दुसऱ्याला नुसती झोप आणणारा डोस याचा श्वास अडवू शकतो. म्हणून तर अमेरिकेच्या औषध खात्याने 2017 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नका म्हणून सांगितलं.

मॉर्फीन मेंदूतल्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या ठरावीक जागेवर, कुलपात किल्ली बसावी तसं बसतं. बरं वाटणं, दुखणं कमी होणं, खोकला दबणं हे सगळं त्यातूनच, आणि मेंदूच्या तळाशी श्वासाची लय ठेवणाऱ्या पेशींवरही हेच रिसेप्टर असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की एरवी आपण आपोआप जोरात श्वास घेतो, ती सूचनाच इथं मंद होते. रोज घेत गेलं की मजा येईनाशी होते म्हणून डोस वाढतो, पण श्वासाच्या बाबतीत शरीर तेवढ्या वेगानं सरावत नाही, मग मजा देणारा डोस आणि श्वास थांबवणारा डोस यांतलं अंतर कमी कमी होत जातं. त्यात कुणी अल्प्राझोलमची (घाबरटपणा, झोप यांवरची) गोळी किंवा दारू घेतली तर मेंदूला दाबणाऱ्या दोन गोष्टी एकदम झाल्या. आणि काही महिने बंद ठेवून परत जुन्याच डोसवर येणारे सगळ्यात धोक्यात, कारण सवय मोडलेली असते.

आता कायदा बघा, इथं खरी गंमत आहे. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे, नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत, म्हणून भांग त्यातून सुटते, कर्नाटक हायकोर्टाने 2022 मध्ये जामिनाच्या एका निकालातही हेच सांगितलं. शिक्षा वजनावर. गांजा 1 किलोपर्यंत कमी प्रमाण, 20 किलोच्या वर व्यापारी प्रमाण, हेरॉईनला तेच आकडे 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. कोडीनला 10 ग्रॅम आणि 1 किलो. व्यापारी प्रमाण झालं की कमीत कमी 10 वर्षं आणि जामीन जवळपास मिळतच नाही.

मग बाटली कुठं बसते? प्रमाण 2.5 टक्क्यांच्या आत असलेल्या कोडीनच्या औषधाला सूट आहे, आपल्या सिरपमध्ये 0.2 टक्केच आहे. पण ही सूट उपचारासाठी, पोत्यात भरून बिनकागदाची नेली तर नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये म्हटलं. त्यानंतर 2020 मध्ये त्याच कोर्टाने ठरवलं की मिश्रणात नुसता अमली भाग न मोजता सगळ्याचं वजन धरायचं. हिशेब करून बघा, 100 मिलीच्या बाटलीत कोडीन 200 मिग्रॅ, म्हणजे शुद्ध कोडीन मोजलं तर 1 किलो व्हायला 5000 बाटल्या लागतात आणि सगळं सिरप मोजलं तर दहाच्या आसपास बाटल्यांत काम झालं! वकील लोक यावरच भांडतात, आणि मला तरी त्यांचं भांडण रास्त वाटतं.

दारूचं आणखी वेगळंच. इथेनॉल तेच, पण गोव्यात घेतलेली बाटली चोर्ला घाटातून परमिटशिवाय इकडं आणली की गुन्हा, कारण दारू राज्याच्या एक्साइजकडं. निपाणीच्या तंबाखूला तर एनडीपीएस लागतच नाही, त्याला 2003 चा वेगळा कायदा आहे, आणि देशात वर्षाला साधारण 13 लाख माणसं तंबाखूनं मरतात. म्हणजे कायद्याची उतरंड आणि नुकसानीची उतरंड एकमेकींशी जुळतातच असं नाही, ती इतिहासातून नि महसुलातूनही ठरत आलीय. कुणी म्हणेल मग सगळंच बंद करा, तसं मला म्हणायचं नाही.

मेडिकलवाल्यावर बंधन आहेच. कोडीन, दुखण्यावरचं ट्रामाडोल, अल्प्राझोलम ही शेड्यूल एच1 या औषध नियमांतल्या यादीतली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहून ते 3 वर्षं ठेवायचं. ट्रामाडोल तर 2018 पासून एनडीपीएसमध्येही आलं. पण ओळखीच्या पोराला रजिस्टर कोण दाखवतंय...

घरात लक्ष ठेवायचं तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, बसल्या जागी पेंगणं, पोट साफ न होणं. अचानक बंद झालं की उलटं, जांभया, नाक गळणं, जुलाब, अंगावर काटा, रात्रभर झोप नाही, घरचे म्हणतात फ्लू झालाय. कुणी बेशुद्ध होऊन घोरल्यासारखा श्वास घेत असेल तर झोपू दे म्हणून सोडू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा, दवाखान्यात नालोक्सोन दिलं की ते रिसेप्टरवरून मॉर्फीनला हटवतं.

पोलिसांच्या भीतीनं लोक दवाखान्यात न्यायला कचरतात. त्यांच्यासाठी एनडीपीएसचं कलम 64अ आहे, स्वतः सेवन करणारा किंवा कमी प्रमाणासह सापडलेला व्यसनी मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही, फक्त उपचार अर्धवट सोडायचा नाही. आपल्याला जवळचं म्हणजे बेळगावचं सिव्हिल नाहीतर धारवाडचं डिमहान्स हे सरकारी मानसोपचार रुग्णालय, आणि 14446 हा नशामुक्तीचा सरकारी नंबर फुकट आहे.