पडीक जमीन, केळीची मर आणि ग्वाटेमालातला सत्तापालट

जळगावातल्या रावेर-यावलकडचा माणूस मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला किंवा होंडुरासला फिरायला गेला, तर तिथल्या केळीच्या बागा त्याला परक्या वाटणार नाहीत. जातसुद्धा पुष्कळदा तीच, ग्रँड नैन. फरक आहे तो जमिनीच्या मालकीत. आपल्याकडे पाच-दहा एकरांचा बागायतदार व्यापाऱ्याशी भावावरून भांडतो. तिथे देशातला सगळ्यात मोठा जमीनदारच केळीची कंपनी होती.

कापलेला घड थांबत नाही. निंभोरा-सावद्याला वॅगन वेळेवर लागली नाही की काय होतं, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्यामुळे ज्याच्या हातात रूळ आणि बंदर, त्याच्याच हातात धंदा. १८९९ साली स्थापन झालेली युनायटेड फ्रूट ही अमेरिकी कंपनी याच हिशेबावर वाढली. ग्वाटेमालाच्या रेल्वेत तिचा मोठा वाटा होता आणि अटलांटिककडचं पुएर्तो बारियोस बंदर तिच्याच ताब्यात होतं.

सरकार बदलून घेण्याची युक्ती मात्र आधी होंडुरासमध्ये वापरली गेली. करसवलत धोक्यात येतेय असं दिसताच सॅम झेमरी या केळीच्या व्यापाऱ्यानं पदच्युत अध्यक्ष मान्युएल बोनिया यांना जहाज, बंदुका आणि भाडोत्री लढवय्ये पुरवले. १९१२ मध्ये बोनिया पुन्हा अध्यक्ष झाले आणि झेमरीला सवलती मिळाल्या. हाच झेमरी पुढे युनायटेड फ्रूटचा प्रमुख झाला.

ग्वाटेमालातला वाद पेटला तो पडीक जमिनीवरून. कंपनीकडे सुमारे साडेपाच लाख एकर जमीन होती आणि त्यातली जवळपास ८५ टक्के पडीक. हे नुसत्या हावरेपणानं झालं नव्हतं. तेव्हाची निर्यातीची जात होती ग्रो मिशेल आणि तिला पनामा मर लागायची. बुरशी मुळातून शिरते, पानं कडेनं पिवळी पडून खोडालगत लोंबतात, खोड चिरलं तर आत तांबूस रेषा दिसतात. ही बुरशी मातीत अनेक वर्षं टिकते. म्हणून कंपनी रोगट बाग सोडून द्यायची आणि राखून ठेवलेल्या नव्या जमिनीवर लागवड करायची.

अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांच्या सरकारनं जून १९५२ मध्ये कायदा केला. मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन भूमिहीनांना द्यायची, मोबदला म्हणून २५ वर्षांचे रोखे, व्याज ३ टक्के. किंमत धरायची ती मालकानं स्वतः करासाठी जाहीर केलेली. इथेच कंपनी अडकली. आपल्याकडे मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात कमी रक्कम दाखवतात आणि पुढे महामार्गात जमीन गेली की त्याच आकड्यावरून कपाळाला हात लावतात, अगदी तसं. सुमारे २ लाख १० हजार एकरांसाठी सरकारनं ६ लाख २७ हजार डॉलर देऊ केले. कंपनीच्या वतीनं मागणी आली ती १ कोटी ५८ लाखांची, आणि ती मांडली थेट अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे प्रमुख असलेले त्यांचे भाऊ ॲलन, दोघंही पूर्वी कंपनीचं काम पाहणाऱ्या वकिली फर्ममध्ये होते. साम्यवादाची भीती अमेरिकेत खरोखरच होती. पण या भीतीला कंपनीनं प्रचाराचं भरपूर खत घातलं.

१८ जून १९५४ रोजी सीआयएनं उभे केलेले ग्वाटेमालाचे परागंदा लष्करी अधिकारी कार्लोस कास्तियो आर्मास सुमारे ४८० माणसं घेऊन होंडुरासमधून आत शिरले. लढाई म्हणून पाहिलं तर ते फसलेच होते. ग्वालान गावात सरकारच्या मूठभर सैनिकांनी त्यांची तुकडी परतवली, पुएर्तो बारियोसला पोलीस आणि कामगारांनी. काम केलं ते नभोवाणीनं आणि मोजक्या विमानांनी. मोठी फौज चालून येतेय असं सीआयएचं केंद्र रोज सांगत राहिलं आणि आपण जिंकलो तर अमेरिका स्वतः उतरेल या धास्तीनं ग्वाटेमालाच्या सैन्याच्या अधिकाऱ्यांनी लढायचं नाकारलं. २७ जूनला आर्बेन्स यांनी राजीनामा दिला. वाटलेली बहुतेक जमीन परत घेतली गेली. १९६० मध्ये सुरू झालेलं यादवी युद्ध १९९६ पर्यंत चाललं. त्यात दोन लाखांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

कंपनीच्या हाती काय लागलं? आठवडाभरातच, २ जुलैला, अमेरिकेच्याच न्याय खात्यानं तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. साठच्या दशकात ग्रो मिशेल मागे पडली आणि त्या मरीला दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिश गटातल्या जाती आल्या. ग्रँड नैन त्यांपैकीच. रोगासाठी जमीन राखून ठेवण्याचं कारणच उरलं नाही. १९७२ मध्ये कंपनीनं ग्वाटेमालातल्या आपल्या जमिनी डेल मोंटे या दुसऱ्या अमेरिकी कंपनीला विकून टाकल्या.