क्रॉपिंग, चलच्चित्रातील

चलच्चित्राच्या चौकटीचा वरचा, खालचा, डावा किंवा उजवा भाग काढून टाकून उरलेल्या आयतालाच नवी चौकट ठरवण्याची संकलनातील क्रिया. तिच्यासाठी ‘कडा कापणे’, ‘काटछाट’ असे पर्याय सुचवले जात असले तरी पुण्यातील संकलनकक्षांत ‘क्रॉप करणे’ किंवा नुसते ‘क्रॉप मारणे’ हेच ऐकू येते. दृश्याचा कालावधी कमी करणे, म्हणजे ट्रिम करणे, ही वेगळी क्रिया होय. तसेच कडांवर काळी पट्टी चढवणे हे झाकणे असून कापणे नव्हे, कारण तेथे चौकटीचे माप बदलत नाही. मूळ इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ वनस्पतीचा शेंडा असा आहे. त्यावरूनच एकीकडे ‘पीक’ आणि दुसरीकडे ‘शेंडा छाटणे’ हे अर्थ निघाले, त्यामुळे संगणकाने केलेल्या भाषांतरात चित्राचे ‘पीक’ घेण्याची सूचना आढळली तर तिचे मूळ फार दूरचे नाही.

या प्रथेचा आरंभ केव्हा झाला याविषयी एकमत नाही. रूढ समजुतीप्रमाणे चौकट कापण्याची सुरुवात १९५३ च्या सुमारास, रुंद पडद्याच्या लाटेत झाली. दूरचित्रवाणीशी स्पर्धा करण्यासाठी हॉलिवूडने त्या वर्षी सिनेमास्कोप ही खास भिंगांनी रुंद चित्र दाखवणारी पद्धत आणली, आणि ज्यांच्याकडे तशी भिंगे नव्हती त्यांनी जुन्याच पद्धतीने चित्रित केलेल्या चित्रपटांचा वरचा-खालचा भाग प्रक्षेपकातील धातूच्या पट्टीने झाकून ते रुंद भासवले. ‘शेन’ हा १.३७:१ (रुंदी:उंची) या गुणोत्तरासाठी चित्रित झालेला चित्रपट त्याच वर्षी १.६६:१ मध्ये दाखवला गेला, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पुढे अमेरिकेत १.८५:१ हे गुणोत्तर स्थिरावले, त्यात १.३७:१ च्या चौकटीची सुमारे २६ टक्के उंची पडद्यावर येत नाही. तथापि निगेटिव्हवर ती शाबूत असते. म्हणूनच अशा चित्रपटाची न झाकलेली प्रत दूरचित्रवाणीवर लागली की नटांच्या डोक्यावर लोंबकळणारा ध्वनिग्राहक प्रेक्षकांना दिसतो.

दुसरे मत हा आरंभ सुमारे दोन दशके मागे नेते, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. मूकपटाची चौकट ३५ मिमी फितीवरील छिद्रांच्या दोन रांगांमधली सगळी जागा व्यापत असे. तिची रुंदी सुमारे २४.९ मिमी आणि उंची १८.७ मिमी होती. बोलपट आल्यावर ध्वनिपट्ट्याला जागा देण्यासाठी चित्राच्या डाव्या बाजूची पट्टी सोडावी लागली, त्यामुळे काही काळ चौकट जवळजवळ चौरस झाली, आणि १९३२ मध्ये अमेरिकेतील चित्रपट अकॅडमीने वरची-खालची उंचीही कमी करून १.३७:१ हे गुणोत्तर प्रमाण ठरवले. मूकपट बोलपटासाठीच्या यंत्रावरून उतरवला की त्याची डावी कड नाहीशी होते. प्रक्षेपकातली पट्टी काढून घेता येते, पण अशी उतरवलेली प्रत तेवढीच मागे राहिली तर गेलेली कड परत मिळत नाही. क्रॉपिंग म्हणजे कायमचे कापणे असे धरल्यास त्याचा पहिला मोठा प्रसंग हाच ठरतो.

पुण्याचा संबंध येथे येतो. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, म्हणजे तिचे पुण्यातील चित्रपट बोलपटांच्या चौकटीतलेच आहेत. तिच्या आवारात १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. ‘संत तुकाराम’ (१९३६) सारखा चित्रपट आजच्या १६:९ पडद्यावर काठोकाठ भरायचा झाल्यास उंचीचा सुमारे २३ टक्के भाग गाळावा लागतो. उभ्या माणसाचे पूर्णाकृती दृश्य असेल तर पागोटे तरी जाते नाहीतर पाय तरी. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून मूळ चौकट अखंड ठेवणे हाच जतनकार्यातील मान्य मार्ग आहे, मात्र घरोघरीच्या प्रेक्षकांना पट्टे खटकतात.

१६:९ हे गुणोत्तर स्वतःच तडजोडीतून आले. १९८० च्या दशकात अमेरिकी अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित गुणोत्तरांचे समान क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून सर्वांना सामावणारा बाहेरचा आणि सर्वांत सामावणारा आतला असे दोन आयत काढले, व दोहोंचे गुणोत्तर १.७७ च्या आसपास निघाले, असे सांगितले जाते. १.३३ आणि २.३५ यांचा गुणोत्तरी मध्यही (गुणाकाराचे वर्गमूळ) १.७७ येतो, त्यामुळे हा शोध भूमितीचा की गणिती सरासरीचा हा वाद फारसा अर्थपूर्ण नाही.

सदृश (अ‍ॅनालॉग) चित्रफितींत कापण्याचे कारण सौंदर्याचे नसून स्वच्छतेचे असते. जुन्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवली की चित्राच्या अगदी तळाशी काही ओळी तिरक्या सरकून थरथरताना दिसतात, आणि अंतरपाटाखालची वधूवरांची पावले त्या थरथरीत विरघळल्यासारखी वाटतात. कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रातील फिरत्या दंडगोलावरची दोन वाचनशीर्षे पाळीपाळीने चित्र वाचतात. एकीकडून दुसरीकडे जाण्याचा क्षण चित्राच्या तळाशी येतो, त्याची ही खूण. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेची चौकट एवढा भाग झाकून टाकत असे, म्हणून तेव्हा तो कोणाच्या लक्षात आला नाही. डाव्या-उजव्या कडांचे गणित निराळे आहे. पाल या दूरचित्रवाणी-पद्धतीत एका ओळीतील प्रत्यक्ष चित्राचा काळ ५२ मायक्रोसेकंद आणि नमुने घेण्याचा वेग १३.५ मेगाहर्ट्‌झ, गुणाकार ७०२ येतो. अंकीय चौकट मात्र ७२० पिक्सेलची असते, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण नऊ पिक्सेल चित्राबाहेरचे ठरतात. हे १८ स्तंभ न कापता सगळी चौकट ताणून ४:३ केल्यास माणसे किंचित सडपातळ होतात.

किती कापावे याला सांकेतनाची (एन्कोडिंगची) बंधने आहेत. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत दोन गुणिले दोन पिक्सेलच्या ठोकळ्यामागे रंगाचा एकच नमुना साठवला जातो, म्हणून काप सम संख्येतच घ्यावा लागतो. एफएफएमपेग ही आज्ञावली विषम आकडा दिला तरी मुकाट्याने तो खालच्या सम संख्येवर आणते. चित्र विषम आणि सम ओळींच्या दोन क्षेत्रांत विभागलेले असेल तर वरून विषम संख्येने ओळी कापल्यास क्षेत्रांचा क्रम उलटतो आणि हालचाल मागेपुढे झटके देते. तेथे उंचीत चारच्या पटीत कापणे सुरक्षित. एच.२६४ मध्ये तर प्रत्येक १०८० ओळींचे चित्र आधीच क्रॉप केलेले असते: हे सांकेतन १६ गुणिले १६ पिक्सेलचे ठोकळे वापरते, १०८० ला १६ ने भाग जात नाही, म्हणून १०८८ ओळी साठवल्या जातात आणि ‘तळाच्या आठ ओळी दाखवू नयेत’ अशी सूचना फायलीतच असते.

संकलनाच्या आज्ञावलींत परिभाषेची एकवाक्यता नाही. प्रीमियरमधील क्रॉप टक्केवारीत मोजला जातो आणि कापलेली जागा रिकामी ठेवतो, म्हणजे काटेकोर अर्थाने ते झाकणेच. फायनल कटमध्ये याच क्रियेला ट्रिम म्हणतात आणि क्रॉप म्हटले की उरलेला भाग मोठा होऊन चौकट भरतो.

मोबाइलसाठीच्या उभ्या चित्राने हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला आहे. १९२० × १०८० च्या आडव्या चित्रातून ९:१६ चा उभा काप घेतल्यास रुंदी ६०७.५ येते, ती ६०८ धरली जाते. मूळ चित्रातील ३२ टक्क्यांहूनही कमी भाग उरतो. ३८४० × २१६० वर चित्रण केलेले असल्यास उभ्या कापाला सुमारे १२१५ पिक्सेलची रुंदी मिळते आणि स्पष्टता टिकते, पण गाळलेला भाग तेवढाच राहतो. सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफलीत गायक मध्यभागी, एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला संवादिनी आणि मागे तानपुरे अशी बैठक असते. उभ्या कापात गायक आणि फार तर एखाद्या तानपुऱ्याचा दांडा उरतो. संकलक मग की-फ्रेम, म्हणजे कोणत्या क्षणी खिडकी कोठे असावी याच्या खुणा, लावून कापाची खिडकी सरकवतो. रुंद चित्रपट दूरचित्रवाणीसाठी उतरवताना करत असत तोच हा प्रकार. स्वयंचलित आज्ञावली चेहरा किंवा हालचाल ओळखून खिडकी नेते खरी, परंतु तबल्याला लग्गी लागलेली असते तेव्हाही तिची खिडकी बहुधा मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या गायकावरच थांबते, आणि तेवढ्या जागी की-फ्रेम हातानेच लावाव्या लागतात.