नाइट बेटावरचा खडक

अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातात नाइट नावाचं बेट आहे. तिथल्या किनाऱ्यावरच्या एका खडकाचा 1990 पासून दर उन्हाळ्यात, ओहोटीची वेळ साधून, फोटो काढला जातो. हा रिवाज सुरू केला अ‍ॅलन मर्न्स या सागरी जीवशास्त्रज्ञाने. म्हणून त्या खडकाला आता त्याचंच नाव पडलं आहे.

24 मार्च 1989 रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना, ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज तिथल्या ब्लाय रीफ या पाण्याखालच्या खडकावर चढलं आणि सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. दोन हजार किलोमीटरहून अधिक किनारा माखला. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी आणि 2,800 समुद्री पाणमांजरं मेली. अनेक किनारे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतले गेले. त्या पाण्याने तेलातून वाचलेले शिंपले आणि शेवाळंही भाजून निघाली. काही जागा मात्र तुलनेसाठी मुद्दाम न धुता सोडल्या होत्या. मर्न्सचा खडक त्यांतलाच.

त्याचे फोटो ओळीने लावून पाहिले की डोळे उघडतात. सुरुवातीच्या वर्षांत खडकावर तपकिरी शैवालाची दाट झालर येते. ‘किनारा सावरला,’ असं कुणीही म्हणेल. पण पुढे ती झालर झडते, शिंपले जागा घेतात, कधी खडक जवळजवळ उघडा पडतो, मग पुन्हा शैवाल येतं. खडक काही एकदा ‘बरा’ होऊन थांबत नाही, तो बदलतच राहतो. म्हणून एखाद्या वर्षीची पाहणी, मग ती कितीही काटेकोर असो, मला पुरेशी वाटत नाही.

पाणमांजरांनी हेच फार दुःखद रीतीने दाखवलं. इतर सागरी सस्तन प्राण्यांसारखा चरबीचा जाड थर यांच्या अंगावर नसतो. थंडीपासून वाचवते ती फक्त फर, एका चौरस सेंटीमीटरला लाखाहून अधिक केस असलेली. तेलाने ती चिकटली की गारठा थेट अंगाला भिडतो. पहिल्या वर्षीचे मृत्यू समजण्यासारखे होते. पण शास्त्रज्ञ पुढेही दर वर्षी किनाऱ्यावर मेलेली पाणमांजरं गोळा करून दातांवरून त्यांचं वय काढत राहिले. एरवी मरतात ती बहुतेक अगदी पिल्लं किंवा अगदी म्हातारी. इथे मात्र कित्येक वर्षं ऐन वयातली जनावरं मरत होती.

कारण वाळूखाली होतं. 2001 मध्ये 91 ठिकाणी सुमारे 9,000 खड्डे खणले, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी तेल सापडलं. दगडगोट्यांखाली, जिथे लाटा आणि प्राणवायू पोचत नाहीत, तिथे ते जवळपास ताजंच राहिलं होतं. आणि पाणमांजर तर शिंपल्यांसाठी तिथेच उकरतं! नाइट बेटाच्या उत्तरेकडची त्यांची संख्या पूर्ववत झाली असं म्हणायला 2014 उजाडावं लागलं. त्याच पट्ट्यात चरणाऱ्या हार्लेक्विन बदकांच्या यकृतातही तेलाशी संबंध आल्याची खूण दोन दशकांहून जास्त काळ दिसत होती.

हेरिंग मासा मात्र 1993 मध्ये कोसळला तो आजही सावरलेला नाही. तेल, विषाणूचा रोग, की खाद्याची टंचाई, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. गळतीआधीच्या नोंदी तुटपुंज्या असल्या की असा वाद मिटवणं कठीण होतं. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ यांची टक्कर होऊन सुमारे 800 टन तेल सांडलं होतं. ती बातमी आठवली की मला 6 ऑगस्टची चिंता वाटते: त्या खाडीतल्या खेकड्यांची, तिसऱ्यांची, तिवरांची आदल्या दिवसापर्यंतची मोजदाद कुणाच्या वहीत होती का?

नोंदी चालू ठेवल्याचा उपयोग न मागता होतो. 2014 ते 2016 मध्ये ईशान्य प्रशांत महासागरात उष्णतेची लाट आली आणि अलास्कात ‘मर’ नावाच्या समुद्रपक्ष्यांचा खच पडला. तेलासाठी उभी केलेली निरीक्षणाची घडी तेव्हा तयार होती, म्हणून हे नुकसान आधीच्या वर्षांशी ताडून पाहता आलं.

त्याच पाण्यात ‘एटी-1’ नावाचा किलर व्हेलचा एक गट राहतो. पाठपंखाच्या आकारावरून आणि त्यामागच्या फिकट डागावरून संशोधक यातला प्रत्येक प्राणी ओळखतात. गळतीआधी ते 22 होते. त्यानंतर थोड्याच काळात नऊ दिसेनासे झाले. पुढे संख्या सातवर आली. 1984 नंतर या गटात एकही पिल्लू जन्मल्याची नोंद नाही. तरीही होडी निघते, कॅमेरा सरसावला जातो, आणि पाण्यावर आलेले पंख जुन्या फोटोंशी एकेक करून जुळवले जातात.