किल्ली ताटावर पडते तेव्हा

गेल्या रविवारी पणजीत सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नात दिसावं तसं अशक्य काहीतरी दाखवणाऱ्या, चित्रांचं प्रदर्शन बघितलं. एका कॅनव्हासवर माडाला झावळ्यांच्या जागी माणसांचे हात फुटलेले, खाली होडीत एक लाकडी कपाट, त्याचं दार उघडं आणि आतून भरतीचं पाणी बाहेर येतंय. मी बराच वेळ तिथून हललोच नाही. शेजारी एक गृहस्थ आपल्या मुलीला सांगत होते, "असलं शुद्धीत सुचत नाही गो, काहीतरी घेऊनच काढलेलं असणार."

नशेबद्दल ते चुकले, पण शुद्धीबद्दल पूर्ण चुकले नाहीत, आणि तेच सांगायला हे लिहितोय.

सर्रिअलिस्ट चित्रकार साल्वादोर दालीचं वितळणाऱ्या घड्याळांचं १९३१चं चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलेलं असेलच, मूळ चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे. या दालीने १९४८च्या एका पुस्तकात चित्रकारांना एक युक्ती सांगितलीय. आरामखुर्चीत मान मागे टाकून बसायचं, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत एक जड किल्ली धरायची, खाली जमिनीवर ताट उपडं ठेवायचं. डोळा लागला की किल्ली सुटते, ताटावर खणकन आवाज होतो आणि माणूस जागा होतो. झोप पुरेशी झाली! दालीच्या मते क्षणभरापेक्षा जास्त नकोच.

आता हे का चालतं ते बघू, कारण मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. आपल्याला वाटतं झोप म्हणजे घरातला मेन स्विच, खाली केला की सगळं एकदम बंद. तसं नाहीय. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचे दोन छोटे गोळे असतात आणि वास सोडला तर डोळे, कान, जीभ, त्वचा सगळ्यांकडून येणारी माहिती त्यांच्यातूनच वर कॉर्टेक्सकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडे जाते. झोप लागताना हा थॅलॅमस आधी मिटतो आणि कॉर्टेक्स त्यानंतर काही मिनिटं चालूच राहतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी एपिलेप्सीच्या रुग्णांमध्ये, उपचारांसाठी मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवलेले असताना, हे प्रत्यक्ष मोजलं आणि २०१० साली प्रसिद्ध केलं. म्हणजे असं समजा की मांडवीवरची फेरीबोट बंद झाली पण पलीकडचा बाजार अजून उघडाच आहे, बाहेरून नवा माल येत नाही, मग आत जे पडलंय त्याचीच उलटसुलट देवाणघेवाण सुरू होते, आणि कपाटातून समुद्र निघतो.

ईईजीवर, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखावर, बघितलं तर डोळे मिटून शांत पडल्यावर सेकंदाला ८ ते १२ वेळा हलणाऱ्या अल्फा लहरी दिसतात, मग त्या विरळ होऊन ४ ते ७ वाल्या थीटा लहरी वर येतात, हा झोपेचा पहिला टप्पा, एन-वन. पुढे एन-टूमध्ये स्पिंडल दिसायला लागतात, हे थॅलॅमसच्याच जाळीदार केंद्रकात तयार होणारे झटपट लहरींचे झुबके, आणि ते आले की दार घट्ट लागलं म्हणायचं. किल्लीची गंमत ही की एन-वनकडे जाताजाता स्नायूंचा ताण सैल पडत जातो, त्यामुळे ती खोल झोपेच्या आधीच सुटते.

२०२१ साली पॅरिसमध्ये याची परीक्षाही झाली. लोकांना आकड्यांची कोडी दिली, त्यात एक छुपा नियम होता, तो सापडला की उत्तर झटक्यात येतं. ज्यांना सापडला नाही त्यांना हातात वस्तू देऊन २० मिनिटं अंधारात आरामखुर्चीत बसवलं. नंतर पुन्हा कोडी. जागेच राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना नियम सापडला, किमान १५ सेकंद एन-वनमध्ये गेलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना, आणि त्याहून खोल झोपलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांना. पंधरा सेकंद!

मेंदूचं खरं काम इतकं मजेदार आहे, म्हणून मला त्या 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या, म्हणजे मेंदूचा मधला भाग 'जागा' करून देतो म्हणणाऱ्या, क्लासांचा मनापासून राग येतो. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावतात, आईवडील हजारो रुपये भरतात, आणि मूल नाकाजवळच्या फटीतून बघत असतं. पोरांना खोटं बोलायला शिकवण्याचे पैसे आहेत ते. मिडब्रेन जन्मापासून चालूच असतो, नाहीतर डोळ्यांच्या बाहुल्याच हलल्या नसत्या.

आणि असल्या गुंगीत जे होतं ते आपल्याच डोक्यात होतं, हा हिशेब सगळ्यात आधी मांडणाऱ्यांत आपला गोव्याचा एक माणूस होता. पणजीत जुन्या सचिवालयाजवळचा तो पुतळा, हात पसरलेला पुरुष आणि पुढ्यात कोसळणारी बाई, बघून कित्येक लोक अजून 'मांत्रिक' म्हणतात. तो आबे फारिया, जन्म १७५६, कांदोळीचा. त्या काळच्या मेस्मर नावाच्या डॉक्टरचे अनुयायी म्हणायचे की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही अदृश्य द्रव वाहतो. फारियाने पॅरिसमध्ये लोकांसमोर सांगितलं की माझ्यातून काही जात नाही, जे होतं ते झोपणाऱ्याच्या मनातच होतं. यावरचं त्याचं पुस्तक १८१९चं, त्याच वर्षी तो गेला. संमोहन आणि एन-वन एक नव्हे, पण १९२२ साली त्याच पॅरिसमध्ये कवी आंद्रे ब्रेतोंच्या घरी पुढे सर्रिअलिस्ट झालेले कवी गुंगीत बोलण्याचे प्रयोग करायला बसले, हे आठवलं की मला त्या पुतळ्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

घरी येऊन मी स्वतः करून बघितलं. दुपारी शीत-हुमण जेवल्यावर, जुन्या घराच्या दाराची लोखंडी किल्ली आणि पितळी ताट घेऊन. दोन दिवस काही नाही, नुसती डुलकी. तिसऱ्या दिवशी खणकन आवाज झाला तेव्हा आजीच्या आदोळीवर, म्हणजे विळीवर, कोणीतरी पाऊस चिरत बसलं होतं, लांब लांब, चवळीच्या शेंगांसारखा. सकाळी मी त्याच आदोळीवर बांगडे कापले होते, आणि बाहेर पाऊस लागलेला. दोन्ही माल घरातलाच होता.

बहीण रंगवते, तिला लगेच फोन केला. तिने विचारलं, चिरलेला पाऊस खाली कशात पडत होता? ते काही सांगता येईना, वही आणायला आत जाईपर्यंत तेवढं पुसलं गेलं होतं. आता वही ताटाच्या शेजारीच असते.