घरातून व्यवसाय: गुमास्ता मिळाला म्हणून जागा मंजूर झाली असं नाही

शॉप ॲक्टची (दुकाने व आस्थापना कायद्याखालची, म्हणजेच गुमास्त्याची) पावती हातात आली की बहुतेकांना वाटतं, काम झालं. मग शेजारी तक्रार करतात, महापालिकेची नोटीस येते आणि ती पावती दाखवून काहीच उपयोग होत नाही. होणारही नाही, कारण ती कामगार खात्याची पावती आहे. घरात अमुक धंदा चालेल का, हे बांधकाम नियमावली ठरवते. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. मुंबईची नियमावली वेगळी आहे.

रहिवासी झोनमध्ये घरगुती व्यवसायाला परवानगी आहे, पण अटींवर. त्यातल्या दोन मुख्य. काम घरातल्याच माणसांनी करायचं, पगारी माणूस नाही. आणि यंत्र विजेवर चालणारं असेल तर एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या आत हवा. शिवण, भरतकाम यात आरामात बसतं. पिठाची घरगुती गिरणी लावणाऱ्यांनी मात्र मोटरवरची पट्टी वाचावी. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, जेमतेम मर्यादेत. गिरणीच्या बाजूला मिरची कांडप यंत्र बसवलं की गेलात बाहेर, कारण भार एकूण धरतात, एकेका यंत्राचा नाही. मदतीला एक बाई ठेवली, तरी पहिली अट मोडते. हे कुणी आधी सांगत नाही.

खात्री करायची तर नगररचना विभागातून झोन दाखला काढा. लोक इथेच अडतात. फ्लॅट नंबर आणि सोसायटीचं नाव लिहून दिलेला अर्ज परत येतो, कारण दाखला सर्व्हे नंबरावर किंवा सिटी सर्व्हे नंबरावर निघतो. तो सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर सापडेल. खरेदीखतातही जागेच्या वर्णनात असतो, खिडकीवर जाण्याआधी तिथे बघा.

शॉप ॲक्टचा अर्ज आपले सरकार पोर्टलवर होतो. आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, एवढं सोपं आहे. गोची होते ती मराठी पाटीसह जागेच्या फोटोवर. घरातून काम करणाऱ्याकडे पाटी कुठून असणार? पण तो फोटो मागतातच. दारावर देवनागरीत नाव स्पष्ट वाचता येईल अशी साधी पाटी लावा आणि मग फोटो काढा. नाव अर्जातल्यासारखंच हवं.

शॉप ॲक्टमधली ६० दिवसांची मुदत अनेकजण उलटी वाचतात. ती कार्यालयाला उत्तर देण्यासाठी नाही, व्यवसाय सुरू केल्यापासून तुम्ही कळवण्यासाठी आहे. त्यामुळे सुरुवातीची तारीख विचार करून टाका. 'अनुभव दिसावा' म्हणून चार वर्षांपूर्वीची लिहिलीत, तर उशीर तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं.

सोसायटीत राहत असाल तर तिचे उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, काढून वाचा. सदनिकेचा वापर बदलायचा असेल तर समितीला आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. भाड्याच्या घरात मालकाची संमतीही लेखीच हवी, कारण नोटीस त्यालाही येते.