सिसिलियनसाठी पंचवीस चालींची घोकंपट्टी लागत नाही

सिसिलियन म्हणजे बुद्धिबळात पांढऱ्याच्या ई४ला काळ्याने सी५ने उत्तर देऊन केलेली सुरुवात. ‘सिसिलियन खेळायची तर नायडॉर्फ या तिच्या प्रकाराच्या पंचवीस चाली तोंडपाठ हव्यात, क्लबच्या खेळाडूने तिच्या वाटेला जाऊ नये,’ हा समज चुकीचा आहे. नायडॉर्फ पाचव्या चालीला, काळ्याच्या ए६ने सुरू होते. क्लबमध्ये पांढरा बहुतेकदा तिथवर जातच नाही. तो दुसऱ्याच चालीला सी३ (अलापिन) खेळतो किंवा डी४ खेळून स्मिथ-मोरा गँबिट देतो, म्हणजे एक प्यादे देऊ करतो. घोकणारे अडकतात ते इथे.

म्हणून अभ्यास इथूनच सुरू करा. अलापिनला घोडा एफ६ हे उत्तम उत्तर. सी३वर प्यादे बसल्याने पांढऱ्याच्या घोड्याची हक्काची जागा गेलेली असते. एफ६च्या घोड्याने हल्ला केलेले ई४चे प्यादे राखायला पांढऱ्याचा घोडा तिथे येऊ शकत नाही. मग ई५, घोडा डी५, डी४, सी×डी४ (सीचे प्यादे डी४चे प्यादे घेते). मोरामध्येही डी४चे प्यादे घेऊन, सी३ येताच घोडा एफ६ खेळा. ई५, घोडा डी५ झाले की हुबेहूब हीच स्थिती येते. एकाच तयारीत दोन्ही भागतात!

खुल्या सिसिलियनसाठी (पांढरा दुसऱ्या चालीला घोडा एफ३ आणि तिसऱ्याला डी४ खेळतो तेव्हा) कान प्रकार घ्या: ई६, मग ए६. ए६मुळे बी५वर पांढऱ्याचा घोडा किंवा उंट सुखाने बसत नाही, आणि पुढे बी५ ढकलता येते. मात्र प्याद्यांच्याच चाली खेळत राहिलात, तर राजा मध्येच अडकून मार खातो.