कृतिसंकल्प

कृतिसंकल्प : ठरवलेल्या ध्येयाच्या दिशेने पहिली कृती केव्हा, कुठे व कशी करायची हे आधीच बांधून ठेवणारा सशर्त निश्चय. ‘अमुक प्रसंग आला, की मी तमुक करीन’ हे त्याचे ठरीव रूप. ‘मला रोज चालायला जायचे आहे’ हा ध्येयसंकल्प. ‘संध्याकाळी घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला, की लगेच बूट घालून मैदानाला दोन फेऱ्या मारीन’ हा कृतिसंकल्प. काम सुरू होत नाही ते प्रेरणा कमी पडते म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही, पण अपुरी आहे. प्रेरणा असूनही सुरुवात अडते आणि ती निव्वळ प्रेरणा वाढवून सुटत नाही, या निरीक्षणावर ही संकल्पना उभी आहे.

इच्छा आणि वर्तन यांतील हे अंतर मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत. थॉमस वेब व पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रायोगिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. लोकांच्या हेतूत मध्यम ते मोठा बदल घडवून आणला, तरी वर्तनात पडणारा फरक लहान ते मध्यमच राहतो, असे त्यात आढळले. ज्यांचा हेतू पार पडत नाही, त्यांपैकी बहुतेकांची इच्छा पक्की असते. ती अमलात येत नाही, एवढेच.

कृतिसंकल्प ही संज्ञा ज्या अर्थाने येथे वापरली आहे, त्या अर्थाची संकल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९३ मध्ये मांडली. १९९९ मधील त्यांच्या आढावा-लेखामुळे ती मानसशास्त्राबाहेरही पोहोचली. तिची पार्श्वभूमी म्हणजे हाइन्झ हेकहाउझेन व गोल्विट्झर यांचे ‘रुबिकॉन प्रतिमान’ (१९८७). इ. स. पू. ४९ मध्ये सीझरने ओलांडलेल्या नदीवरून ते ओळखले जाते. निर्णयापूर्वीचा विचार, निर्णयानंतरचे नियोजन, प्रत्यक्ष कृती व कृतीनंतरचे मूल्यमापन असे चार टप्पे त्यात मानले आहेत. पहिल्या टप्प्यात माणूस फायदे-तोटे तोलतो. नदी ओलांडल्यावर, म्हणजे निर्णय झाल्यावर, ‘करावे का’ हा प्रश्न मिटतो व ‘कसे’ हा उरतो. कृतिसंकल्पाची जागा दुसऱ्या टप्प्यात आहे. सुरुवात न होण्याचे एक नेहमीचे कारण असे, की माणूस दुसऱ्या टप्प्यात पोहोचूनही रोज सकाळी पहिल्या टप्प्यातला हिशेब नव्याने मांडत बसतो.

उगम : कल्पनेच्या मूळ पुरुषाबद्दल एकमत नाही. नार्त्सिस आख (१८७१–१९४६), कुर्ट लेव्हिन (१८९०–१९४७) व हॉवर्ड लेव्हेंथल अशी तीन मानसशास्त्रज्ञांची नावे पुढे येतात.

जर्मनीतील व्यूर्ट्सबुर्ग येथील प्रायोगिक मानसशास्त्राच्या परंपरेतील आख यांनी १९०५ व १९१० मध्ये इच्छाशक्तीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक शब्दावयवांच्या जोड्या पुनःपुन्हा वाचायला लावून ते प्रयोगातील व्यक्तीची सवय पक्की करीत. मग तोच अवयव समोर आला, की पाठ झालेला जोडीदार न सांगता त्याचे यमक जुळवायचे किंवा त्यातील अक्षरांची उलटापालट करायची, अशी सूचना देत. किती आवृत्त्यांनंतर सवय निश्चयावर मात करते, यावरून निश्चयाचे बळ अजमावता येईल अशी त्यांची धारणा होती. विशिष्ट प्रसंगाशी विशिष्ट कृती मनात जोडली गेली, की एक ‘निर्धारक प्रवृत्ती’ निर्माण होते आणि प्रसंग येताच ती कृतीला वाट करून देते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार.

लेव्हिन यांनी या मताला आव्हान दिले. त्यांच्या १९२६ मधील निबंधातले पत्रपेटीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. खिशातले पत्र टाकायचे ठरवून माणूस बाहेर पडतो व वाटेतल्या पहिल्या पेटीत ते टाकतो. निश्चय म्हणजे पेटी आणि पत्र टाकणे यांची निव्वळ जोडणी असती, तर एकदा कृती झाल्यावर ती अधिक घट्ट व्हायला हवी आणि दुसरी पेटी त्याला अधिक जोराने खुणावायला हवी. प्रत्यक्षात तो दुसऱ्या पेटीकडे पाहतही नाही. यावरून बळ जोडणीत नसून निश्चयाने निर्माण झालेल्या ताणात, म्हणजे ‘आभासी गरजे’त असते आणि काम झाले की तो ताण ओसरतो, असा निष्कर्ष लेव्हिन यांनी काढला. नेमका प्रसंग आधी ठरवणे त्यांच्या मते अत्यावश्यक नव्हते. गरज जागी असली, की योग्य प्रसंग ती स्वतःच शोधते.

गोल्विट्झर यांनी दोघांचेही ऋण मान्य केले आहे. तरीही प्रसंगाची खूण कृतीला चालना देते ही मध्यवर्ती कल्पना आख यांच्याकडे जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लेव्हिन यांचे विवेचन ध्येयसंकल्पाला जवळचे आहे. पत्रपेटीचा आक्षेपही आता तितका अडचणीचा राहिलेला नाही. ध्येय जिवंत असेपर्यंतच कृतिसंकल्प काम करतो, ते गाठले किंवा सोडून दिले की खूण निष्प्रभ होते, हे उत्तरकालीन प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे सांधा आख यांचा, ताण लेव्हिन यांचा.

लेव्हेंथल व त्यांच्या सहकाऱ्यांचा येल विद्यापीठातील प्रयोग (१९६५) सिद्धांतापेक्षा आरोग्यप्रचारातून आलेला आहे. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती देण्यात आली. काहींना सौम्य, तर काहींना धडकी भरवणारी. त्यांतील काहींना जोडीला विद्यापीठाचा नकाशा, त्यावर खूण केलेले आरोग्यकेंद्र व लस घेण्याच्या वेळा दिल्या आणि स्वतःचे आठवड्याचे वेळापत्रक पाहून जाण्याची वेळ ठरवायला सांगितले. अशा गटातील सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी लस घेतली. आराखडा नसलेल्यांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. भीती जास्त दाखवल्याने लस घ्यावी असे अधिक जणांना वाटले, पण केंद्रापर्यंत जाणाऱ्यांच्या संख्येत त्यामुळे उल्लेखनीय वाढ झाली नाही. गट लहान होते, हे ध्यानात घेऊनच या आकड्यांकडे पाहावे.

प्रायोगिक पुरावा : गोल्विट्झर व व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांच्या १९९७ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांनी नाताळच्या पूर्वसंध्येचा वृत्तांत ४८ तासांत लिहून पाठवायचा होता. कुठे व केव्हा लिहिणार हे आधी नोंदवलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश, तर इतरांपैकी सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनी तो वेळेत पाठवला. त्याच अभ्यासमालेत सोप्या कामांना आराखड्याचा फारसा उपयोग झाला नाही. फरक पडला तो अवघड कामांत. २००१ मधील वेगळ्या प्रयोगात अफूजन्य पदार्थांचे व्यसन सुटत असताना त्रास होत असलेल्या रुग्णांना संध्याकाळी ५ पर्यंत नोकरीसाठी स्वतःचा परिचय लिहायचे काम दिले असता, त्यासाठी कृतिसंकल्प केलेल्यांपैकी ८० टक्के जणांनी ते पूर्ण केले. भलत्याच कामासाठी तसा संकल्प केलेल्यांपैकी कोणीही नाही.

प्रेरणा आणि आराखडा यांची थेट तुलना २००२ मधील एका ब्रिटिश अभ्यासात सापडते. आठवड्यातून एकदा किमान २० मिनिटे व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण काहीच न सुचवलेल्या गटात ३८ टक्के, व्यायामाचे महत्त्व पटवून दिलेल्या गटात ३५ टक्के, तर ते पटवून शिवाय दिवस, वेळ व जागा लिहून घेतलेल्या गटात ९१ टक्के होते. हा अभ्यास लोकप्रिय लेखनात वारंवार उद्धृत होतो. व्यायामाची नोंद स्वतः सहभागींनीच सांगितलेली होती, हे मात्र तेथे बहुधा गाळले जाते.

गोल्विट्झर व शीरन यांच्या २००६ मधील आढाव्यात ९४ चाचण्यांमधून मध्यम ते मोठा परिणाम दिसला. प्रयोगशाळेबाहेर तो घटतो. शारीरिक व्यायामापुरत्या २०१३ मधील आढाव्यात तो त्याच्या निम्माच भरला. फ्लूच्या लशीसाठी पाठवलेल्या पत्रात तारीख व वेळ लिहायला रिकाम्या चौकटी दिल्याने लस घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्केबिंदूंनी वाढले (२०११). केवळ तारखेच्या चौकटीचा परिणाम नगण्य होता. व्यायामशाळेच्या सदस्यांवरील २०१८ मधील एका क्षेत्रीय प्रयोगात तर काहीच वाढ आढळली नाही. साधा खर्च पाहता ४ टक्केबिंदू कमी नाहीत. मात्र ९१ टक्क्यांची अपेक्षा ठेवणे गैर.

रचना : संकल्पाचे दोन भाग, खूण व कृती. खूण ठळक, नेमकी आणि कृती शक्य असेल त्याच जागी येणारी असावी. घड्याळातल्या वेळेपेक्षा घटना बरी, कारण वेळेवर सतत लक्ष ठेवावे लागते. घटना आपण होऊन समोर येते. ‘वेळ मिळाला की’, ‘मन लागले की’ या खुणा नव्हेत. त्या ओळखण्यासाठीच पुन्हा निर्णय घ्यावा लागतो. कृती म्हणजे कामाचा पहिला, दोन-चार मिनिटांत होणारा तुकडा. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचे उदाहरण घेतले, तर ‘रात्री जेवल्यावर दोन तास अभ्यास’ हा आराखडा सहसा फसतो : जेवण संपल्याचा क्षण धूसर असतो आणि दोन तासांचा डोंगर पाहून मन माघार घेते. ‘ताट घासायला ठेवले, की टेबलावर उघडून ठेवलेल्या प्रश्नसंचातला पहिला प्रश्न सोडवीन’ हे रूप टिकाऊ. प्रश्नसंच आधी उघडून ठेवणे हाही रचनेचाच भाग आहे. त्याला जोडून एक अडथळ्याचा संकल्प करावा : ‘पाहुणे आले, तर झोपण्यापूर्वी अंथरुणावर उजळणीच्या चिठ्ठ्या वाचीन.’ वाक्य स्वतःच्या शब्दांत एकदा लिहावे व तो प्रसंग मनासमोर आणावा. यांत्रिक घोकंपट्टीची गरज नसते.

चुका बहुतेक ठरावीक असतात. नकारार्थी संकल्प (‘चहाबरोबर बिस्किटे खाणार नाही’) उलटण्याचा धोका असतो, कारण त्यात टाळायची गोष्टच खुणेला घट्ट चिकटते. त्याजागी पर्यायी कृती घालावी. एकाच वेळी चार-पाच ध्येयांचे संकल्प केल्यास प्रत्येकाच्या अडचणी एकदम दिसू लागतात व बांधिलकी ढिली पडते. २०१२ मधील प्रयोगांत एका ध्येयासाठी झालेला लाभ अनेक ध्येयांच्या वेळी नाहीसा झाला. खूण रोजच्या दिनक्रमाला बांधलेली असेल, तर सुटीत, गावी गेल्यावर किंवा कामाची पाळी बदलल्यावर ती येतच नाही. आणि ध्येयच उसने असेल, म्हणजे घरच्यांसाठी वा लोकलाजेस्तव घेतलेले, तर खूण येते पण काही हलत नाही.

याच्या जोडीला गाब्रिएले ओटिंगेन यांचे ‘मानसिक विरोधदर्शन’ वापरले जाते : इच्छित फळ डोळ्यांसमोर आणायचे, लगेच त्याच्या आड येणारा स्वतःमधला अडथळा, आणि मग त्या अडथळ्यालाच खूण मानून कृतिसंकल्प करायचा. निव्वळ गोड स्वप्नरंजन मारक ठरते. वजन कमी करणाऱ्या स्त्रियांच्या १९९१ मधील अभ्यासात यशाची रम्य चित्रे रंगवणाऱ्यांचे वजन तशी चित्रे न रंगवणाऱ्यांपेक्षा सुमारे ११ किलोने कमी घटले. ध्येय चारचौघांत जाहीर करावे का, याबद्दल मतभेद आहेत. ‘मी कोण’ या स्वतःच्या ओळखीशी निगडित ध्येयांच्या बाबतीत जाहीर केल्यानेच अर्धे समाधान मिळून प्रयत्न मंदावतात, असे गोल्विट्झर यांचे २००९ मधील मत आहे.

आरंभदिन व नेम : आठवडा, महिना, वर्ष यांच्या सुरुवातीला व वाढदिवसानंतर लोक ध्येयांकडे अधिक वळतात, असे २०१४ मधील अभ्यासात दिसले. महाराष्ट्रातील साडेतीन मुहूर्तांची रूढी या प्रवृत्तीशी जुळते (त्यांतील अर्धा बलिप्रतिपदेचा, असे बहुतेक मानतात, अक्षय्य तृतीयेचा असेही मत आहे). पूजेच्या संकल्पात देश, शक, मास, तिथी, वार यांचा उच्चार होतो खरा, पण तेथे पाणी ताम्हनात सोडताच कर्म सुरू होते, त्यामुळे साम्य वरवरचे राहते. चातुर्मासाचा नेम अधिक जवळचा : आषाढ शुद्ध एकादशीला धरायचा, कांदा-लसूण वर्ज्य करणे किंवा एकभुक्त राहणे असे एखादेच बंधन घ्यायचे आणि कार्तिकात विधिपूर्वक सोडायचा. त्याला ठरलेला शेवट असतो. कृतिसंकल्पाच्या व्याख्येत तो नाही, तेथे खूण येत राहते आणि ध्येय टिकून असते तोवर संकल्प चालू असतो.